मागच्या सीटवर कोण बसतं?



गेल्या महिन्यात आपण पाण्याच्या पंपाविषयी बोललो. या वेळी दारात उभ्या असलेल्या गाडीकडे वळू. खरं तर हा लेख गाडीपेक्षा कमरेचा आहे.

आमच्या अम्मीने गेल्या पावसाळ्यानंतर चिपळूणला खालाकडे जाणं हळूहळू बंद केलं. खेडहून चिपळूण काही लांब नाही. भोस्ते घाट, लोटे, परशुराम घाट, की आलं चिपळूण. पण दर वेळी काही ना काही कारण निघायचं. शेवटी म्हणाली, "वय झालं रे आता. कंबर नाही म्हणते." आम्हीही ते मान्य केलं. पट्टा आणला, मलम आणलं, डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टरांनी तपासून व्यायाम लिहून दिले आणि सहज विचारलं, "प्रवास कशाने करता?" अम्मीने अब्बांकडे पाहिलं. अब्बांनी खिडकीबाहेर पाहिलं.

अब्बांची गाडी म्हणजे बजाज अ‍ॅव्हेंजर २२०. भाईजानने २०११ साली हौसेने घेतली आणि वर्षभरात तो कुवेतला गेला. तेव्हापासून ती अब्बांच्या ताब्यात. गाडी विकायचा विषय काढला की ते म्हणतात, "पोरगा आला की काय चालवेल?" पोरगा वर्षाआड महिनाभर येतो. पण हा हिशेब त्यांच्याशी घालायची हिंमत घरात कुणाची नाही.

क्रूझरची बैठक वेगळी

आपल्याकडे क्रूझर म्हटलं की बहुतेकांना अ‍ॅव्हेंजरच आठवते. २००१ साली बजाजने कावासाकीच्या साथीने एलिमिनेटर आणली, २००५ मध्ये तिच्याच बांध्यावर अ‍ॅव्हेंजर आली, २००७ मध्ये २०० सीसीची आणि २०१० मध्ये २२० सीसीची. यामाहाची एन्टायसर आणि एन्फिल्डची थंडरबर्ड याच चालीच्या. यातल्या कितीतरी गाड्या आजही घराघरांत आहेत, इंजिन ठणठणीत आहे, आणि मागचे शॉकअप मात्र कधीच थकलेले आहेत.

क्रूझरवर माणूस खाली आणि मागच्या चाकाजवळ बसतो, पाय पुढे सोडलेले असतात. साध्या मोटारसायकलवर खड्डा दिसला की आपण पायांवर जरा उचलले जातो आणि धक्का गुडघ्यांत जिरतो. क्रूझरवर पाय पुढे असल्याने असं उठताच येत नाही. धक्का सीटमधून थेट माकडहाडाला आणि तिथून मणक्यात जातो. त्यात या गाड्यांना मागच्या चाकाची वर-खाली हालचालही बेताचीच दिलेली असते. मागे बसणाऱ्याची गोष्ट आणखी कठीण, कारण तो जवळजवळ मागच्या चाकाच्या आसावरच बसलेला असतो. त्याचं बहुतेक सगळं वजन मागच्या दोन शॉकअपवर येतं आणि समोरचा खड्डा त्याला दिसतही नाही. चालवणारा हँडल घट्ट धरतो, मागचा बेसावध असतो.

म्हणून शॉकअप गेलेत का, हे गाडी चालवणाऱ्याला विचारू नका. मागे बसणाऱ्याला विचारा. अब्बा वर्षभर सांगत होते की गाडी मख्खन चालते.

माझी चूक

डॉक्टरांकडून आल्यावर मी जोशात बाजार गाठला. शॉकअप बदलायचे एवढंच डोक्यात होतं. दुकानदाराने एक जोडी दाखवली, लाल स्प्रिंगची, बाजूला चकचकीत डबी असलेली. "गॅसचे आहेत, एकदम भारी. या गाडीला बसतात," तो म्हणाला. दोन आठवड्यांच्या बाजारहाटाचे पैसे मोजून मी ते घेतले. बसले खरेच. बोल्ट बरोबर भोकात गेले. गाडी मागून उंच दिसायला लागली, भाचे मंडळी खूश.

अम्मी पहिल्याच फेरीत भरणा नाक्यावरून परत आली. पूर्वी गाडी खड्ड्यात बसायची, आता उसळायची. स्प्रिंग इतकी कडक होती की अब्बा आणि अम्मी दोघं मिळूनही ती नीट दाबली जात नव्हती. दुसरी गोष्ट चार दिवसांनी कळली. मागची बाजू उंच झाल्याने साइड स्टँडला गाडी पूर्वीपेक्षा जास्त कलायची. आमचं अंगण जांभ्याचं, जरा उताराचं. एका संध्याकाळी दीडशे किलोची ती गाडी स्टँडवरून डाव्या अंगाला आडवी झाली. माझी सहा वर्षांची भाची तिथून दोन पावलांवर बसून काचकवड्या मांडत होती. काही झालं नाही, शुक्र आहे. पण त्या रात्री मी टेप घेऊन बसलो. जे खरेदीआधी करायला हवं होतं, ते खरेदीनंतर केलं.

आधी खात्री करा

मागून धक्के बसतात म्हणजे शॉकअपच गेले असं नाही. सगळ्यात आधी टायरमधली हवा पाहा. ती जास्त असेल तर नवे शॉकअपही दगड वाटतील. मग मागचं चाक जमिनीपासून उचलून ते आडवं हलवून बघा. चाकाचं बेअरिंग किंवा चिमट्याचे बुश झिजले असतील तर तिथे खडखड जाणवते. शॉकअपच्या दोन्ही टोकांना रबरी बुश असतात. ते फुटले की प्रत्येक खड्ड्यावर 'टक' असा आवाज येतो, आणि ते काम फारच स्वस्तात होतं.

आता खुद्द शॉकअप. गाडी सरळ धरून मागची सीट जोरात दाबा आणि सोडा. गाडी वर येऊन थांबली तर ठीक. दोन-तीनदा झोके घेतले तर आतलं काम संपलं. दांडीवर तेलाची ओल आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली तर सील गेलं. खराब रस्त्यावर काही किलोमीटर चालवून झाल्यावर दोन्ही शॉकअपच्या नळीला जपून हात लावून पाहा. चांगला शॉकअप धक्क्याची उष्णता करतो, म्हणून तो कोमट होतो. एक कोमट आणि दुसरा गार लागला, तर गार असलेला नुसता लटकतो आहे. मात्र सायलेन्सरच्या बाजूचा त्याच्या झळीनेही तापतो, हे ध्यानात ठेवा. आणि एकच बाजू गेली असली तरी बदलताना जोडीच बदला. एक नवा, एक जुना असं केलं तर चिमट्यावर दोन बाजूंनी वेगळा जोर येतो.

स्प्रिंग वजन पेलते, तेल झोका थांबवतं

शॉकअपमध्ये दोन वेगळी कामं चालतात. बाहेरची स्प्रिंग वजन पेलते आणि धक्का साठवून घेते. पण साठवलेलं ती लगेच परत फेकते. ते फेकणं आवरायला आत तेल असतं. दांडीच्या टोकाचा दट्ट्या तेलातून सरकतो, बारीक छिद्रांतून तेल जातं आणि झोका विरतो. तेल गेलं की उरते फक्त स्प्रिंग, म्हणजे पलंगावर उड्या मारणं.

गॅसच्या शॉकअपमध्येही काम तेलच करतं. सतत खड्डे लागले की तेलात फेस होतो आणि फेसाळलेलं तेल दट्ट्याला अडवत नाही. आत दाबाखाली नायट्रोजन भरला की हा फेस कमी होतो. लांबच्या, खराब रस्त्यावर त्याचा फायदा नक्की आहे. पण गॅस आहे म्हणून गाडी मऊ चालेल, ही समजूत चुकीची. मऊ की कडक ते मुख्यतः स्प्रिंग आणि छिद्रं ठरवतात.

आणखी एक समजूत सांगतो, कारण मीही तिच्यात होतो. स्प्रिंगखाली खाचांची जी कडी असते, ती पान्याने फिरवली की स्प्रिंग कडक होते असं आपण म्हणतो. स्प्रिंग तीच राहते. कडी फिरवल्याने तिला आधीच थोडं दाबून ठेवलं जातं, त्यामुळे वजन बसल्यावर गाडी कमी खाली जाते. उंची सुधारते, स्प्रिंगचा स्वभाव बदलत नाही. चुकीची स्प्रिंग कडी फिरवून बरोबर होत नाही.

टेप आणि वजनकाटा

खरेदीला जाताना जुना शॉकअप काढून सोबत न्या, किंवा निदान ही मापं कागदावर न्या. पहिलं माप, वरच्या बोल्टच्या मध्यापासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंतची लांबी, चाक अधांतरी असताना. दुसरं, दोन्ही टोकांच्या बुशचं भोक आणि रुंदी. तिसरं, खालचं टोक गोल डोळ्याचं आहे की दोन पाकळ्यांचं. चौथं, शॉकअपच्या आजूबाजूला जागा किती आहे. जाड स्प्रिंग किंवा बाजूची डबी चेन कव्हरला, सायलेन्सरला घासता कामा नये.

लांबीत मूळ मापाशी प्रामाणिक राहा. शॉकअप तिरका आणि चाकाच्या आसाच्या पुढे बसवलेला असतो, म्हणून त्याची लांबी थोडी वाढली तरी गाडीची मागची उंची त्याहून जास्त वाढते. मागून उंच झालेली गाडी पुढून खाली वाकते, हँडल चंचल होतं, हेडलाइटचा झोत खाली जातो आणि स्टँडची गत आमच्या अंगणात झाली तशी होते. उलट, क्रूझर अजून खाली बसलेली दिसावी म्हणून काही तरुण आखूड शॉकअप लावतात. मग टायर मडगार्डला घासतो, वळणावर पायदान टेकतं आणि आधीच कमी असलेली हालचाल आणखी कमी होऊन प्रत्येक खड्डा मणक्यात जातो.

लांबीनंतर वजन. दुकानात "दोघं बसतो" एवढंच सांगू नका. आमच्याकडे अब्बा ७८ किलो, अम्मी ६६ आणि खालाकडे जाताना पिशवी हमखास, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या वजनाच्या जवळपास पोचलो. याउलट नमाजेला किंवा बाजारात अब्बा एकटेच जातात. एकाच स्प्रिंगला दोन्ही सांभाळायचं असतं. म्हणून नेहमीचं वजन कोणतं ते ठरवून स्प्रिंग निवडा आणि उरलेला फरक कडीवर सोडा.

ती स्प्रिंग बरोबर आहे का, हे घरीच कळतं. तीन माणसं लागतात. चाक अधांतरी असताना आसापासून सरळ वर मडगार्डवरच्या एका खुणेपर्यंतचं अंतर मोजा. मग गाडी खाली टेकवून, नेहमीची माणसं बसवून, तेच अंतर पुन्हा मोजा. दोन्हींतला फरक म्हणजे गाडी किती बसली. चाकाची एकूण हालचाल समजा ९० मिलिमीटर असेल, तर एकटा चालक बसल्यावर ती २५ ते ३० मिलिमीटर बसावी. दोघं बसल्यावर थोडी जास्त बसली तर हरकत नाही. निम्म्याच्या वर गेली, तर मोठ्या खड्ड्यात ती शेवटाला आपटणार. आमच्या जुन्या शॉकअपवर दोघं बसल्यावर ती ५२ बसत होती. मी आणलेल्या लाल स्प्रिंगवर फक्त १४. अम्मीची कंबर दोन्हीकडून का ओरडत होती, ते त्या दोन आकड्यांत दिसलं.

मग घ्यायचे कुठले?

जुन्या गाडीला पहिली पसंती मूळ भागाला. त्याची लांबी, स्प्रिंग आणि तेलाचा दाब त्या गाडीच्या हिशेबाने ठरवलेला असतो. कंपनीच्या सुट्या भागांच्या दुकानात गाडीचं वर्ष आणि चासी नंबर सांगून मागवा. अ‍ॅव्हेंजरच्या नावाखाली वेगवेगळ्या वर्षांत वेगवेगळ्या गाड्या निघाल्या आहेत, नुसत्या नावावर जाऊ नका.

मूळ भाग मिळाला नाही, तर जे कारखाने गाडी कंपन्यांना शॉकअप पुरवतात, त्यांचा माल पाहा. या धंद्यात आपल्या राज्याचा मोठा हात आहे. गॅब्रिएलचे कारखाने चाकण आणि नाशिकला आहेत, एन्ड्युरन्सचं मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला. डबीवरचं गाडीचं नाव आणि वर्ष वाचा, तरीही टेप लावून पाहा.

पल्सरचे किंवा दुसऱ्या गाडीचे गॅसवाले शॉकअप बसवायचा सल्लाही मिळेल. ते शॉकअप वाईट नाहीत, पण ते वेगळ्या बैठकीच्या, वेगळ्या वजनाच्या गाडीसाठी बनवलेले आहेत. बोल्ट बसतो म्हणून शॉकअप बसला, असं होत नाही. भंगार बाजारातली जोडी शक्यतो टाळा. दांडीवर गंजाचा बारीकसा खड्डा असला तरी तो नवं सील कापतो आणि कोकणच्या हवेत तो असतोच.

जुने शॉकअप दुरुस्त करून घेता येतात का? दांडी स्वच्छ असेल आणि शॉकअप उघडता येण्यासारखा असेल, तर जाणता कारागीर सील आणि तेल बदलून देतो. तेल ठरल्या मापानेच पडायला हवं, जास्त घातलं की सील उडतं. जे कापून पुन्हा वेल्डिंगने जोडावे लागतात, ते करू नका. आणि गॅसचा शॉकअप कुठल्याही कारणाने उघडू, भोसकू किंवा तापवू नका. आत मोठा दाब असतो.

बसवताना

मिस्त्रीकडे उभं राहून एवढं पाहा. एका वेळी एकच बाजू काढू द्या, दुसऱ्या बाजूने चिमटा जागेवर धरलेला राहतो. कुठला वॉशर कुठे होता, त्याचा आधी मोबाइलवर फोटो घ्या. बोल्टची शेवटची कस गाडी चाकांवर उभी असताना द्यावी, म्हणजे रबरी बुश पिळले जात नाहीत. दोन्ही बाजूंच्या कड्या एकाच खाचेवर असाव्यात. चेनचा ताण माणूस बसवून तपासा, कारण चिमटा वर-खाली झाला की तोही बदलतो. शंभरेक किलोमीटरनंतर बोल्ट एकदा पुन्हा तपासा.

एक गोष्ट कुठल्याही परिस्थितीत मान्य करू नका. डबीवाला शॉकअप बसत नाही म्हणून मिस्त्री साडी गार्ड काढायला निघतो. मागे बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत म्हणून निम्म्याहून कमी नाही एवढं मागचं चाक झाकलेलं असावं, तसंच पकडायला हँडल आणि पायाला पायदान असावं, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२३ सांगतो. साडी, ओढणी, बुरखा, काहीही चाकात जाऊ शकतं. जो शॉकअप गार्ड काढल्याशिवाय बसत नाही, तो आपल्या घरचा नाही.

पुढची काळजी सोपी आहे. सर्व्हिसिंगला डिझेलने धुण्याची पद्धत आहे, ती बंद करा. डिझेल रबरी बुश खातं. पाण्याचा जोरदार फवारा थेट सीलवर मारू देऊ नका. पावसाळ्यात दांडी अधूनमधून मऊ फडक्याने पुसा.

आम्ही शेवटी मूळ मापाची जोडी मागवली. आठ दिवस थांबावं लागलं. लाल स्प्रिंगवाले परत घ्यायला दुकानदार तयार झाला नाही. ते माडीवर पडून आहेत आणि अब्बा ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात. नवे बसवल्यावर आम्ही अंगणात टेप लावला. अम्मी मागे बसली, अब्बा पुढे, मी खाली उकिडवा आणि भाची आकडे लिहायला. ३७ मिलिमीटर. अब्बांनी विचारलं, "म्हणजे चांगलं की वाईट?" चांगलं, म्हटलं.

गाडी दुरुस्त केली म्हणून कंबर बरी झाली, असं मी म्हणणार नाही. डॉक्टरांचे व्यायाम चालू आहेत, आणि घाट उतरताना अब्बांना आता हळू चालवावं लागतं, कारण मागून खांद्यावर हात बसतो. पण गेल्या महिन्यात दोघं चिपळूणला जाऊन आले. आल्यावर अम्मीला विचारलं, कसं वाटलं? ती म्हणाली, "खालाने फणस दिला होता, तो आणता आला नाही. पुढच्या वेळी मोठी पिशवी द्या."

मी तिला वजनाचं गणित सांगायला तोंड उघडलं आणि गप्प राहिलो. कडी एक खाच वर घेतली की फणस बसेल.

पुढच्या महिन्यात घरातल्या गॅसच्या शेगडीची नळी आणि रेग्युलेटर यांच्याविषयी बोलू. तोवर तुमच्या घरातल्या मागच्या सीटवर कोण बसतं, त्यांना एकदा विचारून पाहा. आणि जे सांगतील ते आम्हालाही कळवा.